उष्टं

चार मायक्रॉनचा काप.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा,
श्वास रोखून.
वीस वर्षं हेच करते आहे
मेडिकल चौकाजवळच्या तळमजल्यात,
जिथं मे महिन्यात मेण आपणहून मऊ पडतं
आणि ब्लॉक बर्फावर ठेवावे लागतात.
काचेवर नाव नसतं, नंबर असतो.
१४०७ मीच लिहिला, पेन्सिलीनं,
शेवटचा सात दोनदा गिरवला.

लीलाधर. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
गोळीबार चौकात कूलर दुरुस्त करायचा,
मोटार नुसती ऐकून सांगायचा
बुश गेलं की वाइंडिंग.
मार्चात, ऐन हंगामाच्या तोंडावर,
आधी 'पाना' हा शब्द हरवला.
मग 'खस'.
गिऱ्हाईकाला म्हणाला, ते... वासाचं गवत,
आणि हसला. गिऱ्हाईकही हसलं.
मग महालातल्या एका गच्चीवर
टाकीत पाणी भरताना पडला, थरथरत,
आणि पाइप तसाच चालू,
पाणी जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत.

डॉक्टर कुंभलकरांनी एक ज्यादा रंग लावायला सांगितला.
अभ्यासासाठी, म्हणाले.
विषाणूचं काही असेल तिथं तपकिरी उमटतं.
मी पाहिलं:
पेशींच्या गर्दीत कुठं कुठं
चहाच्या डागासारखं. फिक्कं.
कुणाला दिसेल, कुणाला नाही.
"हा शंभरातल्या नव्वदांत असतो, हेडाऊ मॅडम.
लहानपणी येतो, मग झोपून राहतो.
काहींना गाठीत सापडतो, काहींना मुळीच नाही.
आग लागलेल्या घरात भाडेकरू सापडला
म्हणून काडी त्यानंच लावली असं होत नाही.
फुंकर घालत असेल कदाचित.
कदाचित धुरानं नुसता जागा झाला असेल."
येतो कुठून, मी विचारलं.
काच ट्रेमध्ये ठेवत ते म्हणाले,
लाळेतून. दुधातून.
बहुतेकदा आईच्या.

घरी हा शब्द मी नेला नाही.
तो लीलाधरच्या पोरानं आणला, मोबाइलवरून,
मोठ्यानं वाचून दाखवला स्वयंपाकघरात.

आई बराच वेळ ओटा पुसत राहिली.
"मी तं त्याले चावून भरवत होती वं.
माग बंद पडला होता तवा, दूध कुठलं.
जवारीची भाकर चावू चावू मऊ करून.
तुलेबी तसंच.
मंग तुले काऊन नाई झालं?"

माझ्या रक्तातही तो आहे.
चाचणी मीच केली होती, रात्रपाळीत,
कुणाला न सांगता.
मी म्हटलं, आई, अजून कुणालाच माहीत नाही,
जगात कुणालाच.
ती म्हणाली, "म्हंजे मीच."

तेव्हापासून तिचा पेला वेगळा.
त्याच्याशी बोलताना तोंडावर पदर.
त्याची ताटली दोनदा घासायची, राखेनं, मग साबणानं,
आणि उन्हात पालथी घालायची,
पंचेचाळीस डिग्रीत
हात भाजेपर्यंत.

जूनमध्ये तो चमचा घेईना.
मी दिला, बायकोनं दिला, ओठ मिटलेले.
शब्द सगळे गेले होते तोवर,
मी कोण तेही.
आई समोर बसली वरणभात कालवून
आणि त्यानं तोंड उघडलं,
एवढं मोठं.
तिनं घास उचलला, सवयीनं स्वतःच्या ओठांशी नेला,
कढत आहे का पाहायला,
आणि हात तिथंच थांबला.
माझ्याकडे पाहिलं.
डॉक्टरकडे पाहावं तसं.

मी काय सांगणार होते?
माझ्याजवळ चार मायक्रॉन होते
आणि एक फिका डाग.
म्हटलं, कढत असंल वं. पाहून घे.

तिनं ओठांना लावला.
मग त्याला दिला.
त्यानं गिळला.

खिडकीतला कूलर करकरत होता.
बुश.
एवढं तर मलाही कळतं आता.